दुकान त्याचं, पेट्या माझ्या

ती. नाना,


भाऊ फोनवर म्हणाला, निगेटिव्हच्या पेट्या तुम्ही भंगारवाल्याला देणार आहात. चांदीचे पैसे मिळतात म्हणे. खरं आहे का हे?

भंगारवाल्याला काळ्या-पांढऱ्याच हव्या असतील. रंगीत निगेटिव्हमधली चांदी धुलाईतच निघून जाते. काळ्या-पांढऱ्यात माणसाचा अख्खा चेहराच चांदीच्या कणांचा. हे मला कोणी शिकवलं, नाना? तुम्हीच ना, लाल दिव्यात, हायपोच्या ट्रेवर वाकून?

शाळेत असताना मामांचा आग्फा क्लिक थ्री मागून आणलात, तेव्हा आजोबा काय बोलले ते आत्यानं सांगितलंय. इथं लिहीत नाही. रोलमध्ये बारा फोटो, आणि बाराही म्हशीचे! म्हैस हलत नाही म्हणून, असं तुम्ही म्हणता. आत्या म्हणते, माणसं तुमच्यापुढं उभीच राहत नव्हती. कुणाचं खरं धरू?

पुढं त्याच माणसांनी तुमच्या फोटोच्या गाळ्यासमोर रांग लावली. मागं तुमचा तो रंगवलेला पडदा, त्यावर कमळांचं तळं. कुंभार पिंपळगावात, भर दुष्काळातसुद्धा, कमळांचं तळं! बाया पदर सावरून त्या तळ्याकाठी बसायच्या आणि तुम्ही ओरडायचे, “हालू नका, श्वास धरा.” वैशाखात डेव्हलपरला हवे २० अंश आणि हौदाचं पाणी हाताला चटका देणारं. तुम्ही ट्रे माठातल्या पाण्यात बसवायचे, तरी कधी कधी जिलेटिन सुटायचंच. त्या दिवशी घरात कुणी तुमच्याशी बोलायचं नाही.

मग रंगीत आलं. ३८ अंश नेमके धरून ठेवणारं मशीन आपल्याकडं कुठलं? रोल एसटीनं जालन्याला जाऊ लागले, डार्करूममध्ये ज्वारीची पोती आली. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. डिजिटल, मोबाइल, भाऊचा ड्रोन, हे सगळं तर नंतरचं.

मला मात्र मयताची घरं आठवतात. रात्री-अपरात्री कुणी कडी वाजवली की आई न विचारता फ्लॅशची बॅग काढून द्यायची. मिटलेले डोळे तुम्ही नंतर फोटोवर ब्रशनं उघडे करायचे, आणि त्या घरी पैसे कधी मागितले नाहीत. वहीत उधारीसुद्धा मांडली नाही. आई यावरून भांडायची, आणि तिचंही चूक नव्हतं. आमच्या फिया काय ब्रशनं भरायच्या होत्या?

आणि ती बाई? नवरा गेलेला, घरात त्याचा एक फोटो नाही. जांब समर्थच्या रामनवमीला तो नक्की होता, एवढंच ती सांगत होती. तुम्ही त्या गर्दीच्या निगेटिव्ह एकेक करून भिंगाखाली धरल्या. सापडला तेव्हा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. एन्लार्जर पार वरपर्यंत नेऊन तुम्ही तो मोठा केला. दाणेदार, पुसट, पण तिनं लगेच ओळखला. ती निगेटिव्ह अजून पेटीत आहे. काय चांदी निघेल तिच्यातून? गुंजभरसुद्धा नाही.

आपला मुलूख निजामाचा होता तेव्हा त्यांचे फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. इंदुरात सरकारी नोकरी करता करता १८७४ च्या सुमारास त्यांना हा छंद लागला. पुढं इंदूर, सिकंदराबाद, मुंबई असे स्टुडिओ झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यांत नवाब आहेत, महाराजे आहेत, महाल आहेत. आपल्या गावचा हमाल, सुईण, बँडवाला, पहिलीतली पोरं कुठं आहेत? तुमच्या पेटीत. दुसरीकडं कुठंच नाहीत.

“कोण इचारतंय आता,” असं म्हणाल. मी विचारतेय. डार्करूममध्ये हाताशी मी होते, आणि दुकान भाऊला दिलंत. तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. दुकान त्याचं, पेट्या माझ्या.

तर एवढं करा. पेट्या पत्र्याखालून काढून माळवदाच्या खोलीत ठेवा. उष्म्यानं फिल्म आंबते; गेल्या खेपेला झाकण उघडलं तर व्हिनेगरसारखा वास आला होता. प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून द्या, कागदी पाकिटं करा. नावं पेन्सिलीनं लिहा, आणि निगेटिव्ह आत घालायच्या आधी लिहा. ज्यांची आठवत नाहीत त्यांची आत्याला विचारा, तिला गावातली सगळी भांडणं पाठ आहेत. पेट्या उचलायला भाऊला सांगा. दिवाळीला येते, तोवर भंगारवाल्याला रद्दी द्या.

तुमची,
थोरली