मिठाने आपली चव राखावी

पूर्वी प्रवासात दोन अनोळखी माणसे भेटली, की “कुठले आपण?” हा पहिला प्रश्न असे. त्या प्रश्नात गावाची चौकशी असे, एखादी जुनी ओळख निघण्याची आशा असे. आजही प्रश्न तोच आहे, परंतु त्याचा हेतू पालटला आहे. समोरचा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा हे एकदा समजले, की तो काय म्हणतो हे ऐकण्याची गरज कोणाला वाटत नाही. उत्तर आधीच ठरलेले असते. आपल्या काळाचे दुखणे हेच आहे. मतभेद पूर्वीही होते. ऐकणे मात्र आता संपत चालले आहे.

आमचे सोलापूर हे एका भाषेचे गाव कधीच नव्हते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही बोली येथल्या एकाच गल्लीत कानी पडतात. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या या शहराने १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ अनुभवला. त्याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा घरांतून आलेली ही माणसे एकाच दिवशी फासावर गेली. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो येतो. एका नावाशी आपले नाते जोडावे आणि उरलेली तीन दुसऱ्यांसाठी सोडून द्यावीत, असे त्या चौकात करता येत नाही.

अशा दुभंगलेल्या काळात ख्रिस्ती माणसाने नेतृत्व करावे म्हणजे काय करावे? प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली, ही गोष्ट येथे आठवते. मिठाला दोन धोके असतात. एक म्हणजे ते बरणीतच राहणे. झाकण घट्ट लावलेल्या बरणीत मीठ सुरक्षित असते, पण कोणाच्याही अन्नाला त्याचा उपयोग नसतो. दुसरा धोका म्हणजे चव गमावून बसणे. असे मीठ सर्वांत मिसळते, परंतु मिसळल्याचे कोणाला कळतही नाही. आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजापुढे हे दोन्ही मोह सदैव उभे असतात. भीतीपोटी आपण कुंपणाआड राहतो, किंवा मान्यता मिळावी म्हणून आपले वेगळेपण निमूटपणे बाजूला ठेवतो. विरघळावे आणि चवही राखावी, हा तिसरा मार्ग कठीण आहे. तो चालता येतो, हे मात्र आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे.

सोलापूरच्या उत्तरेस साधारण सत्तर किलोमीटरवर असलेल्या उस्मानाबाद येथे (आजचे धाराशिव) १० ते १२ जानेवारी २०२० या काळात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या परंपरेत कॅथलिक धर्मगुरू अध्यक्षपदी येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. निवड जाहीर होताच काहींनी विरोध केला. “हा तर मिशनरी,” एवढ्या एका शब्दात अर्धशतकाची साहित्यसेवा निकालात काढण्यात आली. धमक्यांचे दूरध्वनी आले. उद्घाटक कविवर्य ना. धों. महानोर यांनी संमेलनास जाऊ नये, असाही दबाव आणला गेला. महानोर आले. फादरही आले. पाठीचे दुखणे एवढे तीव्र होते, की संमेलन संपण्याआधीच त्यांना उपचारासाठी परतावे लागले. तथापि अध्यक्षपदावरून जे बोलायचे ते ते बोलून गेले. देशात वाढत चाललेल्या असहिष्णुतेविषयी त्यांनी शब्द गिळले नाहीत.

त्या दिवसांत आपल्या समाजात अनेकांना अभिमान वाटला, आणि ते स्वाभाविक होते. तरी “आपला माणूस अध्यक्ष झाला” एवढाच त्या घटनेचा अर्थ आपण घेतला, तर तिचे मर्म हातचे सुटेल. मराठवाड्याच्या मातीत, गोरोबाकाकांच्या तेरपासून जवळ, मराठीच्या उत्सवाचे अध्यक्षपद एका धर्मगुरूकडे आले ते त्याच्या धर्मामुळे नव्हे, आणि त्याने धर्म झाकून ठेवला म्हणूनही नव्हे. ज्यांनी त्यांना निवडले, त्यांना त्यांचे नाव, त्यांची श्रद्धा आणि त्यांचे काम ठाऊक होते.

हे काम एका दिवसाचे नव्हते. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. ख्रिस्ती मासिकाची दारे त्यांनी सर्व धर्मांच्या लेखकांना व वाचकांना खुली ठेवली. ‘सुबोध बायबल’च्या रूपाने त्यांनी पवित्र शास्त्र आजच्या मराठीत आणले. भाषांतर हे स्वभावतःच नम्रतेचे काम आहे, कारण भाषांतरकाराला आधी दुसऱ्याच्या भाषेत राहायला जावे लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून ते रस्त्यावर उतरले. विहिरींचे पाणी, केळीच्या बागा, भाताची शेते ही त्यांना प्रार्थनेइतकीच धर्माची बाब वाटत होती. त्या लढ्यात धाकदपटशा होता, गुंडगिरी होती. तेथे त्यांच्या शेजारी उभे राहिलेले सगळेच काही ख्रिस्ती नव्हते. विहीर आटते तेव्हा ती मालकाचा धर्म पाहून आटत नाही.

२५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो निवर्तले, तेव्हा सर्व थरांतून शोक व्यक्त झाला. चारित्र्य ही गोष्ट व्यासपीठावर तयार होत नाही, एवढे त्यांच्या जीवनावरून ध्यानात घ्यावे. व्यासपीठावर ते फक्त दिसते. त्याची घडण आधीच, कोणी पाहत नसताना, वर्षानुवर्षे झालेली असते. संत पापा सहावे पॉल यांनी १९७५ साली म्हटले होते, की आधुनिक मनुष्य शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो. शिक्षकाचे ऐकले जाते तेही तो साक्षीदार असतो म्हणूनच, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

यावर वाचक म्हणतील, “फादर, ती मोठी माणसे. आम्ही चार घरांचे लोक. आमचे नेतृत्व कसले?” या प्रश्नाचे उत्तर मला एका माऊलीने दिले. मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशाचे कागद घेऊन ती माझ्याकडे आली होती. “धर्माच्या रकान्यात काय लिहू, फादर?” एवढेच तिने विचारले.

या प्रश्नामागे सात दशकांचा इतिहास आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला. दलित ख्रिस्ती व मुसलमान आजही त्याबाहेर आहेत. अस्पृश्यतेचा चटका धर्म बदलल्याने थांबत नाही, पण सवलत मात्र थांबते. म्हणून कित्येक घरांतून एक नाव कागदावर आणि दुसरे नाव देवळात असते. त्यांना दोष देणे मला जमत नाही. सत्याची किंमत ज्याला स्वतःच्या लेकराच्या शिक्षणातून मोजावी लागते, त्याला पोट भरलेल्याने सत्याचा उपदेश करू नये. मी त्या माऊलीला तसेच सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोपविला.

तिने ‘ख्रिस्ती’ असे लिहिले. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती हातची गेली. मुलगा आज संध्याकाळी एका दुकानात काम करून शिकतो. धर्मग्रामातील काही कुटुंबांनी त्याच्या शुल्काचा वाटा उचलला आणि आपली नावे कोणाला कळू नयेत अशी अट घातली. त्या माऊलीने कोणतेही भाषण केले नाही. तरीही त्या वर्षी आमच्या धर्मग्रामाचे नेतृत्व कोणी केले, असे मला विचाराल तर मी तिचेच नाव घेईन.

या घटनेने दुसरीही एक जबाबदारी ध्यानात येते. ज्यांना आपल्या नावाची अशी किंमत मोजावी लागत नाही, त्यांनी काय करावे? आम्ही धर्मगुरू, आमच्या संस्था, आमच्यातील स्थिरावलेली घरे यांना हा प्रश्न टाळता येणार नाही. मिस्सेच्या वेळी आपल्या बाकांवर गोव्याचे, मंगळूरचे, तेलुगू, तामिळ आणि या मातीतले मराठी भाविक वेगवेगळे बसतात. सोयरिकीच्या वेळी तर जुनी जात हळूच डोके वर काढते. एकाच वेदीवरून एकच भाकर घेणाऱ्यांनी उंबरठ्यावर पुन्हा वेगळे व्हावे, आणि मग देश दुभंगला म्हणून खेद करावा, हे बरे दिसत नाही. जगाला सांधण्याची भाषा आपल्याच अंगणात आधी शिकावी लागेल.

वाचकहो, मोठ्या व्यासपीठाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. शेजाऱ्याच्या धर्मावर विखार ओतणारा संदेश आपल्या भ्रमणध्वनीवर येतो, तेव्हा तो तेथेच थांबवणे हे नेतृत्व आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री दारात आलेले पाकीट परत करणे हे नेतृत्व आहे. आपल्या समाजातील एखाद्याने अन्याय केला, तर तो ‘आपला’ आहे म्हणून गप्प न राहणे हे तर सर्वांत कठीण नेतृत्व. यांपैकी एकाही गोष्टीची बातमी होणार नाही. मीठही अन्नात कोठे दिसत नाही; ते नसले तरच पहिल्या घासाला कळते. आपल्या गल्लीला, आपल्या शहराला तो घास अळणी लागू नये, एवढी काळजी आपण वाहू या.