शेवटचे पंधरा चिंचोके

आमच्याकडे दिवाळीत तीन पत्ती ठरलेली. पैसे नाहीत, चिंचोके. हरणाऱ्याने सगळ्यांना टावर चौकात न्यायचं आणि भुट्ट्याचा कीस, पताशे, जे मागतील ते खाऊ घालायचं. गेल्या भाऊबीजेला पुण्याच्या आतेभावाने सगळ्यांना पोकर शिकवलं. हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी, या सातांतली उत्तम पाच आपली.

मला ते नवीन नव्हतं. पण घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या डावात मी आणि बाबा उरलो. मध्ये राजा, नव्वी, छक्की, तिर्री, दुर्री. माझी नव्वीची जोडी झालेली. डावात साठ चिंचोके जमले होते. पहिली पाळी बाबांची. जन्मभर बँकेत नोटा मोजलेल्या बाबांनी मोजून पंधराच पुढे सरकवले.

मी मनात हिशेब केला. पंधरा टाकून पंच्याहत्तर मिळणार, म्हणजे सहा वेळांत एकदा जिंकलो तरी तोटा नाही. टाकले. बाबांनी राजा दाखवला.

"साठ का नाही लावले?" मी विचारलं.

"तू पानं टाकून दिली असतीस. मग मला काय मिळालं असतं?"

शेवटच्या फेरीतल्या छोट्या चालीचं मर्म एवढंच. पुढे आणखी पान यायचं नसतं. आपला हात बरा असतो, पण फार भारी नसतो. मोठी चाल केली तर कच्चे हात पळतात आणि आपल्याहून भारी असलेलाच थांबतो. छोट्या चालीला कच्चा हातही 'बघू तरी' म्हणून येतो. शिवाय पाळी आपली आधी असेल, तर समोरच्याने जास्त मागण्याआधी आपणच स्वस्त भाव ठरवून टाकतो. मात्र थाप मारायला ही चाल सहसा उपयोगाची नाही; पंधराला कोण घाबरतो? आणि दर वेळी तीच केली तर समोरचा ओळखतो आणि तिप्पट लावून आपल्यालाच हुसकावतो.

हरलो मी, म्हणून रात्री सगळ्यांना घेऊन टावरला गेलो. पोरं पताशांच्या ठेल्याला चिकटली. बाबा माझ्याजवळ उभे राहिले आणि घड्याळाकडे बघत सहज म्हणाले, "मोबाईलवर किती गेले?"

मी गप्प.

"पहिल्या डावापासून तू सगळेच्या सगळे लावत होतास. आधीचं भरून काढायचं असलं की माणूस असा खेळतो."

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तोवर माझे अडतीस हजार गेले होते. बाबांनी घरात सगळ्यांसमोर जाब विचारला असता, तर मी साफ नाही म्हणालो असतो. इथे, कीस खाता खाता, एवढ्याशा प्रश्नाला खरं सांगून टाकलं.

"त्यात उसने किती?"

"पंधरा हजार. मित्राचे."

"मग आधी ते. दर महिन्याला तीन. पहिला हप्ता पगाराच्या दिवशीच."

एवढं बोलून ते पताशांच्या ठेल्याकडे वळले. पैसे मात्र त्यांनी मलाच द्यायला लावले. मार्चमध्ये मित्राचा शेवटचा हप्ता गेला.