नवा कॅमेरा आणि रानांतले शेजारी

सुशिक्षित कुटुंबांत नवा कॅमेरा येणें ही हल्लीं कांहीं अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. पूर्वीं मंगलकार्यासाठीं छायाचित्रकार मुद्दाम बोलवावा लागे; आतां ज्याच्या त्याच्या खिशांतच कॅमेरा असतो. तरी पशुपक्ष्यांचीं चित्रें घेण्याकरितां लांब पल्ल्याच्या भिंगाचा स्वतंत्र कॅमेरा जेव्हां घरांत येतो, तेव्हां त्याच्याबरोबर एक नवी विद्याही येते. ती शिकतांना काय काय शिकावें लागतें, हें आमच्या घरीं गेल्या दोन वर्षांत मीं जवळून पाहिलें. नवशिक्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून तें येथें लिहितों.

आमचें घर वारूळवाडीस. पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांवाला लागून असलेलें हें गांव. जवळून मीना नदी वाहते, आणि सभोंवार ऊस, द्राक्षें व टोमॅटो यांची शेती. माझ्या पुतण्यानें आपल्या पगारांतून कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरचें भिंग आणलें, व पहिल्याच आठवड्यांत सुमारें दीड हजार चित्रें घेतलीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तीं सर्वांना दाखविण्याचा कार्यक्रम होई. आमच्या आई चष्मा पुसून नीट पाहात आणि विचारीत, "झाड छान आलं आहे रे, पण पाखरूं कुठं आहे?" या प्रश्नानें तो खट्टू होई, परंतु दुसऱ्या दिवशीं उजाडतांच पुन्हां बांधावर जाई.

पहिला दोष अस्पष्टतेचा होता. कॅमेरा हातांत धरून चित्र घ्यावयाचें असल्यास जुना ठोकताळा असा, कीं भिंग जितक्या मिलिमीटरचें, निदान तितक्याव्या हिश्शाइतकें शटर जलद असावें. म्हणजे ३०० च्या भिंगाला १/३०० सेकंदाहून सावकाश शटर नको. पण हा हिशेब आपला हात हलतो त्याचा. पांखरूं हलतें त्याचा नव्हे. उडत्या पक्ष्यासाठीं १/१००० किंवा १/२००० सेकंद लागतो. त्याकरितां भिंगाचें छिद्र मोठें ठेवावें आणि आयएसओ वाढवावा. चित्र किंचित् दाणेदार झालें तर फारसें बिघडत नाहीं. हललेलें चित्र मात्र मागाहून सावरणें फार कठीण.

दुसरा दोष उजेडाचा. समोरचें सर्व कांहीं मध्यम करड्या छटेचें आहे, असें धरून कॅमेऱ्याचा मापक चालतो. म्हणून काळ्याभोर नांगरटींत उभा असलेला गायबगळा चित्रांत चुन्याच्या ठिपक्यासारखा उमटतो, त्याचीं पिसें वेगळीं दिसत नाहींत. आणि उजळ आकाशापुढें तारेवर बसलेला कोतवाल कोळशाचा तुकडा होतो. बगळ्यासाठीं प्रकाश मापकाच्या सांगण्यापेक्षां एक पायरी कमी घ्यावा, कोतवालासाठीं एक पायरी अधिक. सूर्योदयानंतरचा पहिला तास साधावा, सूर्य पाठीशीं ठेवावा आणि उभें न राहतां बांधावर बसावें, म्हणजे पक्ष्याचा डोळा आपल्या डोळ्याच्या पातळींत येतो. फोकस त्या डोळ्यावरच असावा. एवढें साधलें आणि दोन महिन्यांत चित्रांचें रूप पालटलें.

परंतु यापुढील पाठ कोणत्याही माहितीपुस्तिकेंत नव्हता. आमच्या शेतावर काम करणारे मामा एके सकाळीं त्याला म्हणाले, "राघूच्या मागं कशाला पळता? माशी धरली का पुन्हा त्याच तारंवर येतोय बघा." ही गोष्ट खरी आहे. वेडा राघू हवेंत झेप घेऊन मधमाशी पकडतो, बहुधा आपल्या नेहमींच्या जागीं परत येतो आणि ती तेथें आपटून मगच खातो. पुतण्यानें पाठलाग सोडला. तारेवर फोकस लावून तो वीस पावलांवर बसून राहिला. त्या दिवशीं त्यानें फक्त चाळीस चित्रें घेतलीं. त्यांतल्या एकांत राघूच्या चोंचींत मधमाशी असून तिचे पंखही स्पष्ट दिसतात. तें चित्र आज आमच्या माजघरांत लावलेलें आहे.

मग आंबेगांव तालुक्यांतून डोंगर चढून भीमाशंकरास जाणें झालें. तेथील अभयारण्य १९८५ सालीं घोषित झालें, आणि तेथें राहणारें शेकरूं हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तें उंच शेंड्यांवर वावरतें व मागें उजळ आकाश असतें, म्हणून कोतवालाचाच हिशेब तेथें लागूं पडतो. शेकरूं वळून पाहावें म्हणून कांहीं हौशी मंडळी खालून टाळ्या वाजवीत होती. तें बिचारें फांदीला चिकटून निश्चल पडलें. मंडळी कंटाळून निघून गेल्यावर अर्ध्या तासानें तें हललें, आणि मागच्या पायांवर उलटें लोंबकळून फळ खाऊं लागलें. पुतण्या तोंवर झाडाखालीं गप्प बसला होता.

वारूळवाडीस राहून बिबट्याचा विषय मात्र टाळतां येत नाहीं. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचें पाणी जुन्नर-आंबेगांवच्या शेतांना मिळालें, ऊस वाढला, आणि त्या दाट उसांत बिबट्यानें संसार मांडला. त्याच्या हल्ल्यांत गुरें आणि माणसेंही दगावलीं आहेत. त्यामुळें इकडे त्याचें नांव धास्तीनें घेतात. पुतण्याला अर्थातच बिबट्याचें चित्र हवें होतें. मीं त्याला एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची हकीकत सांगितली. संयुक्त प्रांतांतील हे वनाधिकारी रानवाटेवर तार ताणून ठेवीत. जनावराचा पाय तिला लागतांच झगझगीत प्रकाश पडून चित्र उमटे. तीं वाघांचीं चित्रें १९२७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्याच कल्पनेचे स्वयंचलित कॅमेरे लावून डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुन्नरला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यांत बिबट्यांची मोजदाद केली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें तेथील शेतीवस्तीच्या मुलखांत दर १०० चौरस किलोमीटरांस सुमारें ५ प्रौढ बिबटे होते. या सर्व चित्रांच्या वेळीं कॅमेऱ्यामागें माणूस उभा नव्हता.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामांत शेजारच्या एका गांवीं फडांत बिबट्याचीं दोन पिलें सांपडलीं. निरोप येतांच आम्ही दोघे गेलों. पाचटावर मांजराएवढीं दोन पिलें एकमेकांना बिलगून पडलीं होतीं. सकाळचा कोंवळा उजेड, निळसर डोळे, मागें उसाची हिरवी भिंत. दोन वर्षांच्या अभ्यासानें जें जें हवें तें सर्व तेथें आयतें होतें. भोंवतीं साठ-सत्तर माणसें मोबाईल उंचावून उभीं, आणि एक जण पिलूं मांडीवर घेण्याच्या बेतांत. वनरक्षक हात जोडून सांगत होते, "पिलांना हात लावूं नका, जागा मोकळी करा. आई जवळच असणार. अंधार पडल्यावर ती येऊन घेऊन जाईल." गर्दी राहिली तर मादी येत नाहीं, आणि पिलें हरवलेली मादी त्याच शिवारांत त्यांना धुंडाळीत फिरावी, हें गांवालाही धोक्याचेंच.

पुतण्यानें कॅमेरा बाहेर काढलेला होता. त्यानें क्षणभर पिलांकडे पाहिलें आणि भिंगावर टोपण लावलें. कोणीसें थट्टेनें म्हणालें, "एवढा मोठा कॅमेरा आणून फोटू नाही?" तो म्हणाला, "मी इथें उभा राहिलों, तर हे सगळेच उभे राहतील." मग तो वनरक्षकांच्या बरोबर एकेकाला विनवून रस्त्याकडे नेऊं लागला. तासाभरानें फड रिकामा झाला.

सायंकाळीं वनखात्याच्या लोकांनीं पिलांना त्याच जागीं उघड्या पेटींत ठेवलें, जवळ स्वयंचलित कॅमेरा बांधला आणि ते दूर गेले. रात्रीं मादी आली. एक पिलूं तोंडांत धरून नेलें आणि थोड्या वेळानें दुसरें. दुसऱ्या दिवशीं वनरक्षकांनीं तें चित्र दाखविलें. तें काळें-पांढरें, दाणेदार. मादीचें निम्में अंग चौकटीबाहेर, फोकसही धड नाहीं. आमचा नवा छायाचित्रकार तें फार वेळ पाहात राहिला, आणि पिलूं तिनें कसें धरलें आहे तें मला बोटानें दाखवूं लागला.

ज्यांच्या घरीं असा कॅमेरा आला असेल त्यांनीं मुलांना प्रथम अंगणांतल्या चिमण्यांकडे व साळुंक्यांकडे न्यावें. शटर आणि प्रकाश यांचें गणित महिन्या-दोन महिन्यांत येतें. कोणतें पांखरूं कोठें परततें, तें केव्हां घाबरतें आणि आपण किती दूर असलों म्हणजे तें निर्धास्त खातें, हें शिकावयास मात्र ऋतूमागून ऋतू लागतात. त्या काळांत घरांतल्या वडील माणसांनीं "आज किती चित्रें मिळालीं?" याऐवजीं "आज काय पाहिलंस?" असें विचारावें. आमच्या आई अलीकडे तसेंच विचारतात.