माळढोकाच्या गावी

जैसलमेर, डिसेंबर.

डोंबिवलीच्या वन बीएचकेतून आलेल्या आम्हाला इथली खोली मैदानाएवढी वाटतेय. पिवळ्या दगडाच्या जाड भिंती, खटक्याची काळी बटणं, मुलांसाठी जमिनीवर जादा गाद्या. सासूबाईंनी आल्या आल्या वरण-भाताची चौकशी केली; आली दाल, पण तूप सढळ.

आज डेझर्ट नॅशनल पार्क पाहिलं. विस्तार ३,१६२ चौरस किलोमीटर. मुलं वाळूच्या टेकड्या शोधत होती. दिसलं ते बहुतेक खडकाळ, गवताळ माळरान. माळढोकाला नेमकं तेच लागतं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजलाही याच पक्ष्यासाठी अभयारण्य आहे.

माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही, जड अंगाला चटकन वळता येत नाही. म्हणून तो विजेच्या तारांवर आदळतो. या जिल्ह्यात पवनचक्क्यांचं रान माजलंय. स्वच्छ विजेचं कौतुक मलाही आहे, पण तिच्या तारा कुणाच्या आभाळातून जातात, हा हिशेब बिलात येत नाही.

धाकटीने विचारलं, “तारा जमिनीखालून का नाही नेत?” खर्च फार, असं मी म्हणाले खरी. पण बारमाही खणलेल्या रस्त्यांच्या गावची मी. खणणं अवघड असतं, हे मला कुणी पटवू नये.