निघायची तिथी

आसनगावहून होडीने समुद्राकडे जायचं म्हटलं की लोक आधी होडीबद्दल विचारतात. फायबरची का, किती फुटी, केवढ्याला पडली? खरं तर या प्रवासातला सगळ्यात सोपा भाग होडीच. दोघं बसतील आणि दोघांना उचलता येईल अशी घ्यावी, विषय संपवावा. अवघड असतं ते पाणी. पाऊस सरला की आपल्या नद्यांत ते कुठे, केव्हा, किती असेल हे माणसंच ठरवतात.

भातसा काळूला मिळते, काळू कल्याणजवळ उल्हासला, आणि उल्हास पुढे खाडी होऊन वसईला समुद्र गाठते. आमची आसनगावची भारंगी नदी यात धरायची नाही. पावसाळ्यात ती अंगावर येते आणि एरवी होडीचं बूड खडकाला घासतं. म्हणून होडी टेम्पोत घालून वासिंदला न्यायची आणि भातसेत सोडायची.

मुरबाडकडचे मित्र काळूतूनच निघू म्हणतात. माळशेजच्या बाजूने उतरणारी काळू देखणी आहे यात वाद नाही, पण पाऊस गेल्यावर तिची धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात नुसते डोह उरतात. भातसा मात्र भर मे महिन्यातही वाहते, कारण तिच्यातून मुंबईचं पाणी जातं. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्राने पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथे मुंबई महापालिका ते उपसते आणि पांजरापूरला शुद्ध करते. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा या एका नदीचा. आणि हे धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. भातसेत वल्हं मारताना ही गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

धरणाखालच्या नदीत आभाळाकडे बघून अंदाज बांधता येत नाही. विसर्ग वाढला की लख्ख उन्हातही पाणी चढतं. खडवलीला सहलीला आलेली माणसं नदीत अडकतात ती अशीच. म्हणून मुक्काम कधीही पात्रातल्या खडकावर करू नये. होडी काठावर ओढून झाडाला बांधावी, पाण्याच्या कडेला एक काडी खोचावी आणि झोपण्याआधी पुन्हा बघावी. काडी बुडली असेल तर सामान आणखी वर न्यायचं. पाग टाकून मासे धरणाऱ्या कातकऱ्यांना काडी लागत नाही. दगडावरची ओल बघून पाणी चढतंय की उतरतंय हे ते सांगतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढचं वळण घेऊ नये असं माझं मत आहे.

बंधारा आला की खाली उतरायचंच. वरून पाणी गुळगुळीत दिसतं आणि उंची किरकोळ वाटते, पण बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि माणसाला, होडीला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. पोहता येणारेही तिथे बुडतात. पिसेला तर बरंच अलीकडे काठाला लागावं, सामान उतरवावं आणि रस्त्याने वळसा घालावा. या खटाटोपासाठी होडी हलकी हवी. बाकी या वाटेची एक मोठी सोय म्हणजे वासिंद, खडवली, टिटवाळा ही लोकलची स्टेशनं. जीव घाबरला तर घरी जाता येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कल्याणच्या आसपास उल्हासवर जलपर्णी माजलेली असते, तिच्यात वल्हं अडकतं. ती ओलांडली की दुर्गाडी किल्ला दिसतो. याच खाडीत 1659 च्या सुमारास शिवाजी महाराजांची जहाजं बांधली जात होती आणि त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता. 2016 च्या कायद्याने हाच पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाला. कागदावर जलमार्ग असला तरी छोट्या होडीला इथे भरती-ओहोटीचंच ऐकावं लागतं.

भरतीचं गणित कोळ्यांचं आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. ही वेळ समुद्राकाठची. कल्याणला पाणी उशिरा चढतं आणि उशिरा फिरतं. म्हणजे अष्टमीला सकाळी कल्याणहून निघालं की दुपारपर्यंत ओहोटी पाठीशी असते. शिवाय भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्याने ओढ बेताची. दुपारनंतर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, त्याआधी बरंच अंतर कापून होतं. हौशी मंडळींना मात्र निघायला कोजागरी हवी असते. पौर्णिमेला उधाण असतं, आणि सकाळभर भरती समोरून येते. चांदणं काठावर बसून बघा, दूध तिथेच आटवा, आणि होडी पाण्यात घालायला पुढच्या अष्टमीपर्यंत थांबा.