ओलं आणि ओले

दर रविवारी अकराच्या सुमारास एजन्सीचा फोन यायचा. "मॅडम, सेवा कैसी चल रही है? पाँच में से कितने नंबर देंगी?" मी कुकरच्या शिट्ट्या मोजत म्हणायचे, पाँच. असे ओळीनं पंधरा रविवार. पंधरा पाचे पंचाहत्तर, पैकीच्या पैकी. ते मार्क मी माझ्या तोंडानं दिले, हे अजून घशाखाली उतरत नाही.

आधीचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. आमचं सरकारी क्वार्टर तुलसी नगरला, माझी कचेरी अरेरा हिल्सवर, भाऊ पुण्याला. मार्चपासून बारा तासांची बाई लावली. वाचेबरोबर आईची हिंदीही गेली. चाळीस वर्षं भोपाळच्या भाजीवाल्यांशी हुज्जत घालणारी बाई ती. आता तोंडून जे चार शब्द फुटायचे ते मराठी. एजन्सीच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना नव्हता, आणि सांगायला हवं हे मलाही सुचलं नाही.

आलेली मुलगी बावीस-तेवीसची, हसरी. आईची वेणी घालायची, पावडर-टिकली करायची. मी संध्याकाळी घरी पोचायचे तेव्हा चादरीला सुरकुती नसायची. उशाशी तक्ता: ८, १०, १२, २, ४, ६. प्रत्येक आकड्यापुढे 'करवट' आणि बरोबरची खूण. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, एवढं मला ठाऊक होतं. खुणा दिसत होत्या. आणखी काय बघायचं?

मे महिन्यात एकदा ती हसत म्हणाली, "दीदी, अम्माजी दिनभर ओले, ओले कहती हैं. इतनी गर्मी में ओले कहाँ से गिरेंगे?" मीही हसले. रात्री भावाला फोनवर सांगितलं, आईला गारांचं वेड लागलंय. तोही हसला.

इथे मी वर्षभर अडकून पडले आहे. ती बिचारी हिंदी मुलगी, तिला 'ओले' म्हणजे गाराच. पण मी? मराठी घरात जन्मले, लहानपणी गादी ओली केली म्हणून याच आईचा मार खाल्ला. तो शब्द माझ्यापर्यंत हिंदीतून आला आणि मी तो हिंदीतच ऐकला. आई 'ओलं, ओलं' म्हणत होती. दिवसाला दोनच डायपर वापर, महाग पडतात, असं त्या मुलीला मीच बजावलं होतं. मी आल्या आल्या दुसरा बदलला जायचा, म्हणून माझ्यासमोर आई तो शब्द कधी बोललीच नाही.

जूनमध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगरातली २९ हजार झाडं तोडून मंत्री-आमदारांसाठी नवी घरं बांधायचा घाट सरकारनं घातला होता. अख्खी वसाहत रस्त्यावर उतरली, झाडांना मिठ्या मारल्या, बेत बारगळला. मीही गेले होते. त्याच गडबडीत एके दिवशी साडेचारलाच घरी आले. तक्त्यावर सहाच्या आकड्यापुढे खूण होऊन गेली होती. आई पाठीवर सरळ. माझ्याकडे बघून म्हणाली, "ओलं."

कुशीवर वळवलं. माकडहाडावर दहाच्या नाण्याएवढी जखम, मधोमध काळी.

संध्याकाळी डॉक्टर आले. म्हणाले, सुरुवातीला कातडी नुसती लाल होते. बोटानं दाबून सोडल्यावरही ती लाली पांढरी पडली नाही तर तेव्हाच सावध व्हायचं. कुणी दाबून बघितलं होतं? मी पांघरुणाच्या वरचं सगळं तपासत होते: वेणी, टिकली, चादर.

एजन्सीला फोन केला तर साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, आप ही ने तो हमेशा पाँच दिए." आणि दोन तासांत दुसरी बाई पाठवली, उडालेला बल्ब बदलावा तशी. मुलगी पिशवी भरताना रडत होती. तेव्हा कळलं की तिला शिकवलं कुणीच नव्हतं. तीन दिवस एका जुन्या बाईमागं फिरवलं, की ड्यूटीवर. सत्तर किलोची आई तिला एकटीला वळवता येत नव्हती. तक्ता रिकामा दिसला, किंवा नंबर चारच्या खाली गेला, तर दिवसाची मजुरी कापली जायची. मी एजन्सीला जे मोजत होते त्यातलं निम्मंही तिच्या हाती पडत नव्हतं.

इंग्लंडमध्ये घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांचीही सरकारी तपासणी होते, त्यांना उत्कृष्टपासून अपुरीपर्यंत श्रेणी मिळते आणि ती कुणालाही वाचता येते. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांचा कायदा २००७ चा. घरपोच सेवेच्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, आणि २०२४ मध्ये ती लोकसभाच संपली तेव्हा तेही निकालात निघालं. असा कायदा येईतोवर तपासणी आपणच करायची: अवेळी घरी जायचं, पांघरुणाखाली हात घालायचा, माणूस वळवायला तुला कुणी शिकवलं हे बाईला विचारायचं, आणि दुखणेकऱ्याला त्याच्या भाषेत विचारायचं. सांगायला सोपं आहे. नोकरी करणाऱ्यानं अवेळी जायचं कसं, हे मलाही जमलेलं नाही.

जखम भरायला साडेचार महिने लागले. त्या मुलीवरचा माझा राग गेलाय असं मी लोकांना सांगते. सहाच्या चौकटीतली ती खूण आठवली की तो परत येतो. पण ती गेल्यावर आई दोन दिवस नव्या बाईच्या हातून जेवली नाही, हेही खरंच.

एजन्सी तीच ठेवली आहे. दुसऱ्या दोन बघितल्या, तिथेही तसाच तक्ता होता. नव्या बाईला मी पहिल्याच दिवशी आठ मराठी शब्द लिहून दिले, पहिला 'ओलं'. डायपर आता चार लागतात. गेल्या रविवारी फोन आला तेव्हा ती समोरच आईला पेज भरवत होती, चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत होती. मनात तीन होते. पाँच म्हणाले.