हिऱ्याचं पुढचं टोक

सरावाचे पहिले दिवस चेंडूविनाच गेले. सर मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि हात ज्या बाजूला करतील तिकडं आम्ही दहा जण एकदम सरकायचो. बघणाऱ्याला कवायत वाटावी असाच तो प्रकार. इटलीच्या आरिगो साक्कींनी मिलानच्या खेळाडूंकडून असंच करून घेतलं होतं; शेवटचा बॅक आणि पुढचा फॉरवर्ड यांच्यात साधारण 25 मीटरच अंतर असावं, असा त्यांचा हट्ट. आमचं अंतर काही केल्या तेवढं कमी होईना, कारण बॅक वर यायला भ्यायचे. पाठीमागं अर्धं मैदान मोकळं सोडायचं म्हणजे गोलकीपरवर मोठा विश्वास हवा, आणि आमचा गोलकीपर तर गोलरेषा सोडायलाच तयार नव्हता.

मांडणी 4-4-2 ची, पण मधले चौघं एका रेषेत नाहीत, हिऱ्याच्या आकारात. बचावफळीपुढं एक, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक आणि पुढच्या टोकाला मी. विंगर नाहीत. कोल्हापुरात हे पचायला जड. इथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावानं संघ उतरतात आणि शाहू स्टेडियमची गॅलरी कडेनं सुसाट सुटलेल्या पोरासाठी उठून उभी राहते. पेठेतले जुने खेळाडू कट्ट्यावर ऐकवायचे, "कडा मोकळ्या सोडून कुठं फुटबॉल असतोय व्हय?"

त्या कडा आमिष म्हणून मोकळ्या होत्या. समोरच्या सेंटर बॅककडं चेंडू असेपर्यंत आमचे फॉरवर्ड धावायचेच नाहीत. मी त्यांच्या डिफेन्सिव्ह हाफला चिकटून उभा. मध्ये वाट नाही म्हटल्यावर चेंडू साइड बॅककडं जायचा, आणि तो पास सुटताक्षणी सगळे प्रेस करायला निघायचे. जवळचा फॉरवर्ड सरळ न जाता वळसा घेऊन यायचा, म्हणजे साइड बॅकला सेंटर बॅककडं परत पास देता येऊ नये. आमचा बाजूचा हाफ समोरून भिडायचा. "नुसतं पळू नकोस, वाट अडव," हे सरांचं एकच पालुपद. उसळत आलेला पास, घाईत मागं दिलेला पास किंवा गोलकडं पाठ करून चेंडू घेणारा खेळाडू, यांतलं काही दिसलं की जायचं. नाहीतर जागेवर थांबायचं. थांबणंच जास्त अवघड. एकटाच पुढं धावला की त्याच्यामागची जागा उघडी पडते आणि बाकी नऊ जणांची मेहनत वाया जाते.

हंगामातल्या एका सामन्यात हे पहिल्यांदा जमलं. त्यांचा साइड बॅक कोपऱ्यात अडकायचा, घाबरून चेंडू वर भिरकावायचा आणि तो आमच्या खालच्या हाफच्या पायात पडायचा. त्यांचा एक बॅक वैतागून मला म्हणाला, "किती जण उतरलाय रं तुम्ही?" 1980च्या दशकात राल्फ रांगनिक जर्मनीतल्या बाकनांग या छोट्या संघातून प्रशिक्षक लोबानोव्स्कींच्या डायनॅमो कीव्हविरुद्ध खेळले, तेव्हा चेंडू बाहेर गेल्यावर त्यांनी खरोखरच समोरचे खेळाडू मोजले होते.

आमच्या सामन्यात उत्तरार्धात समोरच्या संघाला इलाज सापडला. एका कडेला आम्हाला गोळा होऊ द्यायचं आणि लांब पासनं चेंडू पलीकडच्या कडेला टाकायचा. तिकडं आमचं कोणीच नसायचं. बाजूचा हाफ अख्खं मैदान तुडवत पोचेपर्यंत क्रॉस आत आलेला असायचा. असे चार-पाच हेलपाटे झाले की कुणाचेही पाय जड होतात, आणि अर्धवट प्रेस हा प्रेस न करण्यापेक्षा वाईट. सरांनी ओरडून सांगितलं, धावू नका, चेंडू ठेवा. मधे चौघं असल्याचा खरा फायदा तेव्हा कळला. आखूड पास देत आम्ही दम खाल्ला. चेंडू आपल्याकडं असला की दुसऱ्यानं पळायचं. गॅलरीला ते अजिबात आवडलं नाही. शिट्ट्या सुरू झाल्या.

शेवटची काही मिनिटं उरली असताना सरांनी मला बाहेर काढून एक विंगर आत घातला. जोरदार टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या.